तटरक्षक दलाची मालकी ठरली, जबाबदारीचे काय?

मारतहळ्ळी (बंगळुरू) : येथून जुन्या विमानतळ रस्त्याने शहराकडे निघाले की हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विस्तीर्ण परिसर लागतो. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. पण तटरक्षक दलाची ‘ध्रुव’ हेलिकॉप्टरे याच कंपनीच्या बंगळुरूतील कारखान्यात घडतात. लष्कर, हवाई दल आणि नौदलही तीच वापरतात. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचे ‘ध्रुव’ कोसळून तिघांचा मृत्यू झाला, तेव्हा सर्वच दलांतील ‘ध्रुव’ची उड्डाणे थांबवण्यात आली. एका खात्याच्या छत्राखाली नांदण्याचे लाभ असतात, तसे हे भोगही असतात.

हा विषय पुन्हा चर्चेत आणला तो कॅनडाने. तेथील तटरक्षक दल नागरी आणि निःशस्त्र. सप्टेंबर २०२५ मध्ये ते मत्स्य व महासागर खात्याकडून राष्ट्रीय संरक्षण खात्याकडे सोपवण्यात आले. दलाचे नागरी स्वरूप कायम राहील, अशी ग्वाही सरकारने दिली. ‘नाटो’च्या निकषात संरक्षण खर्च फुगवून दाखवण्यास हे सोयीचे, असा विश्लेषकांचा तर्क. अमेरिकेचे दल तर अर्थ, वाहतूक असा प्रवास करीत २००३ मध्ये अंतर्गत सुरक्षा खात्यात विसावले.

भारताने हा प्रश्न जन्माच्या वेळीच सोडवला. सागरी तस्करीने सत्तरच्या दशकात सरकारला जेरीस आणले होते. १९७४ मध्ये नेमलेल्या के. एफ. रुस्तमजी समितीने पुढील वर्षी स्वतंत्र दलाची शिफारस केली आणि ते संरक्षण मंत्रालयाकडे असावे, असे सुचवले. मंत्रिमंडळ सचिवांचा कल गृह मंत्रालयाकडे होता. इंदिरा गांधींनी समितीचा कौल मान्य केला. फेब्रुवारी १९७७ मध्ये नौदलाकडून मिळालेल्या मोजक्या नौकांवर दल उभे राहिले. १९७८ च्या कायद्याने त्याला संघराज्याचे सशस्त्र दल हा दर्जा दिला, पण नौदलाहून वेगळे ठेवले. हे वेगळेपण व्यवहारात मुरायला मात्र वेळ लागला. पहिले महासंचालक व्हाइस ॲडमिरल व्ही. ए. कामथ नौदलाचे होते. पुढेही अनेक वर्षे हे पद बहुधा नौदलाच्या अधिकाऱ्यांकडेच राहिले.

मालकी ठरली, तरी जबाबदारीचे कोडे उरलेच. १९९३ मध्ये रायगडच्या दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर शस्त्रे व स्फोटके उतरली. सीमाशुल्क खात्यातील काही अधिकाऱ्यांना पुढे या प्रकरणात शिक्षा झाल्या. नोव्हेंबर २००८ मध्ये ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून दहा अतिरेकी मुंबईपर्यंत पोहोचले. नौदल, तटरक्षक दल, सीमाशुल्क, पोलीस असे सारेच समुद्रावर होते. पण अखेर जाब कोणाला विचारायचा, याचे एकच उत्तर नव्हते. ते २००९ मध्ये देण्यात आले : सागरी सुरक्षेची एकंदर जबाबदारी नौदलाकडे, तर प्रादेशिक सागरातील किनारी सुरक्षेची जबाबदारी तटरक्षक दलाकडे. सागरी पोलीस मात्र राज्यांच्याच अखत्यारीत राहिले.

आता तिन्ही सेनादलांच्या एकत्रित कमांडची चर्चा आहे. त्यात तटरक्षक दलाच्या नौका व विमानेही सागरी कमांडच्या दिमतीला द्यावीत, असा विचार मांडला जातो. युद्धकाळासाठी तो रास्त आहे. परंतु या दलाचे बहुतेक दिवस शांततेचे असतात. २ सप्टेंबर २०२४ च्या रात्री पोरबंदरजवळ समुद्रात कोसळलेले तटरक्षक दलाचे हेलिकॉप्टर लढाईवर नव्हे, एका तेलवाहू जहाजावरील जखमी खलाशाला आणायला निघाले होते. हर्णै वा मालवणच्या मच्छीमाराला वादळात हवे असते ते हेच तटरक्षक दल.

संरक्षण मंत्रालयाच्या अंदाजपत्रकात या दलाची तरतूद आजही ‘नागरी’ मागणीखाली येते. हिशेबाची ही नोंद धोरणालाही मार्गदर्शक ठरावी. कॅनडाला खाते बदलणे एका आदेशाने जमले. भारताच्या अनुभवाचा धडा असा, की खाते ठरल्याने जबाबदारी आपोआप ठरत नाही. कमांडची नवी रचना करताना शोध व बचावाची साधने दुसरीकडे वळवता येणार नाहीत, अशी अट आधी लिहून ठेवली पाहिजे.