तळघराच्या भिंतीला गेलेला तडा

पुण्यातील किंवा ठाण्यातील सदनिकेच्या भिंतीला तडा गेला, तर घरमालकाचा निरोप बहुधा रंगाऱ्याला जातो. तेथील इमारतीचा भार आरसीसीचे खांब आणि तुळया पेलतात. ब्लॉकची भिंत केवळ त्यांच्यामधली मोकळी जागा भरून काढते. तुळई आणि भिंत यांच्या सांध्यावरची भेग मोकळी करून भरायची, वर जाळी मारून गिलावा करायचा, की काम भागते. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, ओहायो यांसारख्या राज्यांत जुने घर विकत घेणारी मराठी मंडळी अनेकदा हीच नजर घेऊन तळघरात उतरतात आणि तेथे फसगत होण्याचा संभव असतो. कारण तळघराची ब्लॉकची भिंत घराचे ओझे डोक्यावर घेते आणि शिवाय बाहेरची माती पाठीने थोपवून धरते.

हार्मन पामर यांनी १९०० च्या सुमारास पोकळ काँक्रीट ब्लॉक पाडण्याचे यंत्र प्रचारात आणले. पुढे सिअर्स कंपनी अशी यंत्रे टपाली सूचीतून विकू लागली आणि वीट-दगडाची जागा ब्लॉकने घेतली. १६ इंच लांब, ८ इंच उंच आणि मधे पोकळ्या असलेला हा ब्लॉक वरून येणारा दाब उत्तम झेलतो. ताण मात्र त्याला सोसत नाही. जुन्या घरांतील बहुतेक भिंतींच्या पोकळ्यांत सळया नसतात. त्यामुळे भिंत वाकू लागली की सांध्यातील मसाला आधी सुटतो.

तो कोठे आणि कोणत्या दिशेने सुटला, यात दुखण्याचे निदान असते. केसाएवढी उभी भेग बहुधा ब्लॉक वाळताना आकसल्याची खूण असते. ती वाढत नसेल तर चिंतेचे कारण नाही. सांध्यांच्या मागोमाग जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे चढणारा तडा पायाचा एखादा भाग खचल्याचे सांगतो. विदर्भ-मराठवाड्यातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे ज्याने पाहिले आहे त्याला डॅलसची चिकणमाती समजावून सांगावी लागत नाही. तेथील घरांना तळघर नसले, तरी विटांच्या दर्शनी भिंतींवर हाच पायऱ्यांचा तडा दिसतो. सर्वांत गंभीर तडा आडवा. भिंतीच्या साधारण मध्यावर, एकाच थरातून लांबवर गेलेली आडवी भेग म्हणजे बाहेरच्या मातीने भिंत आत ढकलली आहे. अशा भिंतीवर ओळंबा धरला की पोट किती सुटले आहे ते इंचांत मोजता येते.

माती ढकलते, पण तिला बळ देते ते पाणी. हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला, तर सुमारे ६२० गॅलन, म्हणजे दोन हजार तीनशेहून अधिक लिटर पाणी खाली येते. पन्हळी तुंबलेल्या असतील, किंवा त्यांचे नळ भिंतीच्या पायथ्याशीच संपत असतील, तर ते सारे पाणी पायाशी मुरते. थंडीत गोठून आणखी फुगते. बांधकाम संहितेनुसार घरालगतच्या जमिनीला पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार हवा. आतल्या भिंतीला लोणा लागलेला दिसला, तर पाणी ब्लॉकमधून पाझरत आहे असे समजावे. नळ लांबवणे आणि उतार नीट करणे या कामांचा खर्च तुलनेने किरकोळ असतो. ती न करता भेग भरणे म्हणजे छप्पर गळत असताना फरशी पुसत बसणे.

वाढ थांबलेल्या, पाणी न झिरपणाऱ्या सांध्याची दुरुस्ती घरच्या घरी जमण्यासारखी आहे. सुटलेला मसाला छिन्नीने पाऊण इंच खोलवर काढावा, धूळ झटकावी, सांधा ओलसर करावा आणि नवा मसाला थराथराने दाबून भरावा. दुकानातील पिशव्यांवर एम, एस, एन अशी अक्षरे असतात. ‘मेसन वर्क’ या इंग्रजी शब्दांतील एकाआड एक अक्षरे उचलून ही नावे ठेवली गेली, अशी त्यांची गमतीदार व्युत्पत्ती आहे. जमिनीखालच्या भिंतीला सहसा ‘एस’ वापरतात. भिंतीतून नळ आत येतो तेथील फटीतून पाणी येत असेल, तर काही मिनिटांत घट्ट होणारे हायड्रॉलिक सिमेंट उपयोगी पडते. या फटी आणि भिंतीच्या माथ्यावरची ब्लॉकची उघडी तोंडे बुजवण्याला आणखी एक कारण आहे: जमिनीतील रेडॉन वायू त्यांतूनही घरात शिरतो, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाखालोखाल त्याचा क्रमांक लागतो. मात्र फटी बुजवल्या तरी रेडॉनची चाचणी वेगळी करावीच लागते.

एपॉक्सी टोचण्याचा उपाय जाहिरातींत फार दिसतो. तो सलग ओतलेल्या काँक्रीटसाठी ठीक. पोकळ ब्लॉकमध्ये रेझिन आतल्या पोकळीत ओघळून जाते. जलरोधक रंगाचीही तीच कथा: रंगामागे ब्लॉकच्या पोकळ्यांत पाणी साचून राहते आणि काही काळाने रंगाचे पापुद्रे सुटू लागतात.

भिंतीचे पोट दोन इंचांच्या आत असेल, तर कार्बन फायबरच्या पट्ट्या चिकटवून तिला जागच्या जागी रोखता येते. त्यापुढे पोलादी तुळया उभ्या कराव्या लागतात किंवा अंगणात नांगर पुरून भिंत ओढून धरावी लागते. फारच बिघडले असेल तर बाहेरून खणून ती नव्याने बांधणे आले. हा निर्णय ‘मोफत पाहणी’ करणाऱ्या कंत्राटदारावर सोपवू नये. पट्ट्या विकणाऱ्याला प्रत्येक भिंत पट्ट्यांच्याच लायकीची दिसते. परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनीअरला शुल्क देऊन लेखी अहवाल घ्यावा. घर विकताना तोच कागद कामी येतो. गृहविम्याच्या नेहमीच्या पॉलिसीतून माती सरकणे, पाया खचणे ही कारणे बहुधा वगळलेली असतात.

आणि एक तडा असा आहे की ज्यापुढे हे सारे उपाय थिटे पडतात. विमा कंपन्यांमुळे अनेक भारतीय कुटुंबे जेथे स्थिरावली, त्या हार्टफर्डच्या पूर्वेकडील टॉलंड, व्हर्नन, साउथ विंडसर या भागांत १९८३ ते २०१५ या काळात बांधलेल्या कित्येक घरांच्या पायावर नकाशासारखे तडे उमटले. विलिंग्टन येथील खाणीच्या खडीत पायरोटाइट हे खनिज होते. पाणी आणि हवा लागून ते वर्षानुवर्षे फुगत राहते. तेथील भिंती ओतीव काँक्रीटच्या. आयर्लंडमधील डोनेगल परगण्यात मात्र सदोष ब्लॉकमुळे हजारो घरे अशीच भंगली. अशा भिंतीत भरायला भेग उरत नाही, सगळी भिंतच बदलावी लागते. कनेटिकटने त्यासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन केली आणि राज्यातील गृहविमाधारकांवर वर्षाला १२ डॉलरचा अधिभार बसवला. त्या परिसरात घर पाहणाऱ्याने करारावर सही करण्यापूर्वी पायाच्या काँक्रीटचा नमुना काढून प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. ताजा रंग दिलेले तळघर असेल, तर जरूर घ्यावा.