बार काढला, आता पाणी तापव

संगमेश्वर तालुक्यात माझ्या आजोळी ठासणीची बंदूक आहे. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, एकनळी, दस्त्याला पितळी पट्टी मारलेली. वानरं माडांवर चढली किंवा रात्री डुकरं भातात घुसली की मामा खळ्याच्या कडेला उभे राहून नुसता आवाजाचा बार काढतात. लहानपणी मला वाटायचं, बार झाला, काम संपलं. मामांचं काम तिथून सुरू व्हायचं. नळीतून धूर येत असतानाच ते मामीला हाक मारत, "पाणी तापव गो!"

लोखंडाच्या नळीत पाणी, आणि तेही जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो त्या रत्नागिरी जिल्ह्यात! ठासणीची बंदूक किंवा पिस्तूल शिकू पाहणाऱ्याने नेम धरण्याआधी हे पाणी समजून घ्यावं, असं माझं मत आहे.

बंदुकीची काळी दारू म्हणजे शोरा, कोळसा आणि गंधक. कोळसा हे जळण. शोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, त्याला प्राणवायू पुरवतो, म्हणून बाहेरची हवा नसलेल्या बंद नळीतही दारू जळते. गंधकामुळे ती लवकर पेट घेते. अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल यांनी १८७०च्या दशकात पोलादी भांड्यात दारू कोंडून पेटवली आणि मागे काय उरतं ते मोजलं. वजनाने जेमतेम ४३ टक्के वायू झाला, बाकी सगळे क्षार. छर्‍यांना ढकलतो तो वायू. उरलेल्या निम्म्याहून अधिक ऐवजापैकी काही पांढर्‍या धुराच्या रूपाने बाहेर पडतो आणि काही नळीला आतून काळं कीट होऊन चिकटतो.

या किटात पोटॅशियम कार्बोनेट बरंच असतं. ते आपल्या ओळखीचं आहे. आजी ज्या चुलीतल्या राखेने भांडी घासायची, त्या राखेतला खार तोच. हवेतली ओल तो ओढून घेतो, आणि खार्‍या वार्‍याच्या मुलखात एका रात्रीत नळी आतून तांबूस होते. नवखा माणूस इथे तेलाचा बोळा फिरवून मोकळा होतो. पण क्षार तेलात विरघळत नाहीत. तेल वर बसतं आणि खाली गंज आपलं काम करत राहतो. क्षार काढायला पाणीच लागतं. ते गरम असलं की नळीही तापते आणि चटकन सुकते. तेलाचा हात त्यानंतर. धुताना सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, तो किटातल्या सल्फाइडला पाणी लागून तयार होणार्‍या हायड्रोजन सल्फाइडचा. मामी अजूनही त्या धुण्याच्या पाण्याचा डबा घरात आणू देत नाहीत.

भरण्यात शास्त्र कमी नाही. काडतुसाच्या कारखान्यात जे होतं ते इथे माणूस हाताने करतो. मापाने दारू, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासणं. बोळा वायूला कडेने निसटू देत नाही. दारू आणि त्यावरचा बोळा किंवा गोळी यांत पोकळी राहिली तर दाब एकाच जागी उसळून नळी फुगू शकते, फुटूही शकते. म्हणून ठासायचं. दारू थेट डब्यातून नळीत ओतायची नाही. आधीच्या बाराची ठिणगी आत जिवंत असली तर अख्खा डबा हातात पेटेल. दारूला ठिणगी देणारी केप अगदी शेवटी, नळीचं तोंड मोकळ्या दिशेला करून. केप उडाली पण बार झाला नाही, तर तोंड तिकडेच ठेवून मिनिटभर थांबायचं. दारू आत धुमसत असू शकते.

मामांच्या गजावर दोन खाचा आहेत. रिकाम्या नळीत गज घातला की पहिली खाच तोंडाशी येते, भरलेल्या नळीत दुसरी. बंदूक हातात घेतली की आधी गज आत. हा फाजीलपणा वाटेल त्याने अमेरिकेच्या यादवी युद्धातली गेटिसबर्गची लढाई आठवावी. १८६३च्या त्या लढाईनंतर रणांगणावर सुमारे २७,५०० बंदुका गोळा झाल्या. त्यांतल्या २४,००० च्या आसपास भरलेल्याच होत्या, कित्येक दोन-दोनदा, आणि एकीत म्हणे २३ बार एकावर एक ठासलेले. गोंधळात आपला बार झाला की नाही हेच शिपायांना कळलं नव्हतं.

पिस्तुलाचं शास्त्र हेच, फक्त नळी आखूड. गोळी बाहेर पडण्याआधी दारू जळून व्हायला हवी, म्हणून पिस्तुलाला बारीक दाण्याची दारू. ओंडका रात्रभर धुमसतो आणि चुडत भपकन पेटतं, तसंच: दाणा बारीक तितकं पृष्ठफळ जास्त. परदेशात हा खेळ आहे. ठासणीच्या हत्यारांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पिस्तुलाला २५ मीटर अंतर, ३० मिनिटांत १३ बार, त्यांतले उत्तम १० धरतात. म्हणजे एका बाराला सव्वादोन मिनिटं, आणि त्यातला बहुतेक वेळ भरण्यात जातो.

आपल्याकडे हौशीने सुरुवात करायची तर आधी कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे ठासणीच्या हत्यारालाही परवाना लागतो आणि वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत. दुरुस्त करूनही चालणार नाही असं पुरातन हत्यार भिंतीवर टांगायला त्यातून सूट आहे. मात्र चालू शकणारं आजोबांचं पिस्तूल त्यात बसत नाही. घरी दारू कुटणं तर नकोच. आणि हातात परवाना आहे म्हणून डुक्कर मारता येत नाही, त्याला वनखात्याची वेगळी परवानगी लागते.

निवडणूक लागली की मामा बंदूक पोलीस ठाण्यात जमा करतात. परत आणल्यावर ओटीवर बसून नळीत पांढरी चिंधी फिरवतात आणि उजेडात धरून बघतात. तांबूस आली, तर पाणी पुन्हा चुलीवर.