घरातील बिनतारी जाळे

पांढुर्णा-सौंसरकडील जुन्या घरांच्या जाड मातीच्या भिंती उन्हाळ्यात सुखाच्या. परंतु राउटरच्या लहरींना त्यांचा अडसर होतो. म्हणून दाराशी तार आली तेथेच ते यंत्र न टांगता, तार लांबवून घराच्या मध्यावर, पुरुषभर उंचीवर ठेवावे. लोखंडी कपाटाआड किंवा पाण्याच्या टाकीशी मुळीच नको. धातू लहरी परतवितो, पाणी त्या शोषते.

२.४ गिगाहर्ट्‌झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटरांची. ती भिंतीपलीकडे पोहोचते. ५ गिगाहर्ट्‌झची वेगवान खरी, पण दुसऱ्या खोलीतच दमते. माजघरात अभ्यासास बसलेल्या मुलास पहिलीच बरी.

यंत्राच्या तळाशी छापलेला परवलीचा शब्द प्रथम बदलावा. मी तो वर्षभर तसाच ठेवला होता. वर्गातील निम्मी पोरे आमच्या ओसरीवर का रेंगाळत, हे फार उशिरा उमगले! सुरक्षा डब्ल्यूपीए-३ निवडावी. ही २०१८ सालची. जुन्या यंत्रात डब्ल्यूपीए-२ चालेल. राउटरच्या मांडणीत शिरण्याचा शब्द मात्र निराळा असतो, आणि तोच बहुतेकजण विसरतात. तो परक्याच्या हाती पडला, तर आपण बँकेचा पत्ता घालावा आणि त्याने आपणांस भलत्याच दारी न्यावे, असा प्रसंग ओढवू शकतो.