नव्या बांधणीचा संघ आणि बियाण्याचा प्रश्न

सांताक्रूझच्या पूर्वेस वाकोला म्हणून जी दाट वस्ती आहे, तेथें कबड्डीच्या लिलावाचे दिवस आले म्हणजे एखाद्या घरांत जेवतांजेवतां असा वाद सहज रंगतो. मुंबईच्या 'यू मुंबा' संघानें २०१५ सालीं प्रो कबड्डी स्पर्धेचें अजिंक्यपद मिळविलें, तें वडिलांना चांगलें आठवतें. त्यानंतर दहा वर्षें लोटलीं तरी तें पद पुन्हां मुंबईस आलेलें नाहीं. तेव्हां थैलीचें तोंड मोकळें सोडून एखादा नामवंत वीर आणावा, असें त्यांचें म्हणणें. धाकटा मुलगा म्हणतो, कीं ज्यांचीं नांवेंही अजून कोणास ठाऊक नाहींत, अशा पोरांना दोन वर्षें खेळूं द्यावें. दोघेही संघाचे हितचिंतकच. प्रश्न एवढाच, कीं मोडकळीस आलेल्या संघानें उद्यांचें भांडवल आज खर्चावें कीं राखावें?

हा प्रश्न अमेरिकेंत फार जुना आहे आणि तेथें त्याला नियमांचें रूप आलेलें आहे. म्हणून आधीं तिकडे दृष्टि टाकणें सोयीचें होईल. अमेरिकन फुटबॉल हा नांवाचाच फुटबॉल. त्यांत चेंडू बहुधा हातांत घेऊन पळावयाचें असतें. पूर्वीं श्रीमंत संघच महाविद्यालयांतील उत्तम खेळाडू उचलीत आणि दुबळे संघ दुबळेच राहत. १९३५ सालीं फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांनीं सुचविलें, कीं नव्या खेळाडूंची निवड पाळीपाळीनें व्हावी आणि जो संघ शेवटीं आला त्यास पहिली पाळी मिळावी. १९३६ पासून ही पद्धत सुरू झाली. पुढें या पाळ्या हीही सौद्याची वस्तु बनली. आपली पाळी दुसऱ्या संघास द्यावी आणि मोबदल्यांत तयार खेळाडू घ्यावा, किंवा याच्या नेमकें उलट करावें, अशी सोय झाली. पाळी म्हणजे न पेरलेलें बियाणें. तयार खेळाडू म्हणजे बाजारांतला पिकलेला आंबा.

बियाण्याचा भरंवसा किती धरावा? १९३६ सालीं सर्वांत प्रथम निवडला गेलेला जे बर्वँगर हा व्यावसायिक खेळांत उतरलाच नाहीं. उलट, २००० सालीं ज्याची निवड १९९ व्या क्रमांकावर झाली, त्या टॉम ब्रेडीनें पुढें सात अजिंक्यपदें मिळविलीं. कोणतें बीज रुजेल हें पेरणाऱ्यास ठाऊक नसतें. हीच या प्रश्नाची मेख आहे.

तिकडच्या दोन सौद्यांची गोष्ट आजही सांगतात. १९८९ च्या ऑक्टोबरांत डॅलस संघानें हर्शेल वॉकर हा आपला सर्वोत्कृष्ट खेळाडू मिनेसोटा संघास दिला आणि त्याच्या बदल्यांत कांहीं खेळाडू व निवडीच्या पुष्कळ पाळ्या घेतल्या. त्या हंगामांत डॅलसनें सोळांपैकीं एकच सामना जिंकला. लोकांनीं टीका केली. परंतु त्या पाळ्यांच्या आधारें एमिट स्मिथसारखे तरुण संघांत आले आणि १९९२, १९९३ व १९९५ या तीन हंगामांत डॅलस अजिंक्य ठरला. मिनेसोटास वॉकरच्या बळावर अंतिम सामनाही गांठतां आला नाहीं. दहा वर्षांनीं, १९९९ सालीं, न्यू ऑर्लिन्स संघानें अगदीं उलट केलें. रिकी विल्यम्स या एका तरुणासाठीं त्यानें त्या वर्षींच्या आपल्या सर्व पाळ्या आणि पुढील वर्षींच्या दोन पाळ्या देऊन टाकल्या. विल्यम्स वाईट खेळाडू नव्हता. पण एकट्यानें संघ होत नाहीं. सोळांपैकीं तीन सामने पदरांत पडले आणि शिक्षकासही जागा सोडावी लागली.

आतां आपल्या मातींतील खेळाकडे वळूं. प्रो कबड्डीमध्यें पाळ्यांचा असा बाजार भरत नाहीं; पण प्रश्न वेगळ्या वेषांत तोच आहे. लिलावासाठीं प्रत्येक संघास ठराविक रकमेचीच थैली असते; २०२३ सालीं ती ५ कोटी रुपयांची होती. नवखे खेळाडू थोड्या रकमेंत घेऊन पुढील हंगामासाठीं राखतां येतात. ज्यानें चांगले नवखे राखले, त्याची थैली जड राहते; ज्याच्यापाशीं तसे कोणी नाहींत, त्याला सातही जागा बाजारभावानें भराव्या लागतात. म्हणजे नवख्याची राखलेली जागा हीच येथील पाळी. ती सोडून नामवंताच्या मागें धांवणें म्हणजे बियाणें विकून सण साजरा करणें.

ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईस झालेल्या लिलावांत दोन मोठ्या बोली लागल्या. तेलुगू टायटन्स संघानें पवन सेहरावत या चढाईपटूसाठीं २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले. पुणेरी पलटणनें महंमदरेझा शादलू या इराणी बचावपटूसाठीं २ कोटी ३५ लाख मोजले. दोघांनींही जवळजवळ अर्धी थैली एकेका माणसावर रिती केली. फळ मात्र सारखें मिळालें नाहीं. टायटन्स संघ बावीस सामन्यांपैकीं दोन जिंकून तळाशीं राहिला. पलटणनें १ मार्च २०२४ रोजीं हैदराबादेस हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून पहिलें अजिंक्यपद मिळविलें. पवन हा शादलूहून उणा होता काय? मुळींच नाहीं. फरक खेळाडूंत नव्हता. ज्या घरांत ते गेले त्या घरांत होता.

पलटणचें घर आधीं बांधून झालें होतें. २०२१ च्या अखेरीस सुरू झालेल्या हंगामांत त्या संघांत मोठ्या नांवाचे अनुभवी चढाईपटू असतांही अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या नवख्यांना मैदानावर पुरता वाव मिळाला. अस्लम हा अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील खेड्यांतून आलेला. आकाश शिंदे, पंकज मोहिते, संकेत सावंत हे मराठी तरुणही त्याच संघांत वाढले. १७ डिसेंबर २०२२ रोजीं मुंबईंत झालेल्या अंतिम सामन्यांत हा संघ जयपूरकडून ३३-२९ असा हरला. घर उभें होतें, एका खांबाची उणीव होती. शादलू हा तो खांब. आणि २०२४ मध्यें अजिंक्यपद मिळालें, तेव्हां स्पर्धेंतील सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला, तो शादलू नव्हे, तर कप्तान अस्लम.

टायटन्सचें घर तसें नव्हतें. त्याआधींचे दोन्ही हंगाम तो संघ तळाशींच होता. पाया खचलेल्या भिंतीवर त्यानें सोन्याचा कळस चढविला. पुढील हंगामांत तो पुष्कळ सावरला, हेंही येथें सांगितलें पाहिजे. पण तोंवर एक वर्ष आणि अर्धी थैली खर्ची पडली होती.

शादलूची पुढील कथा या विषयाला प्रयोगाप्रमाणें उपयोगी पडते. २०२४ च्या लिलावांत त्याला हरियाणा स्टीलर्सनें २ कोटी ७ लाखांस घेतलें. हा संघ आदल्याच हंगामांत उपविजेता ठरलेला, म्हणजे त्याचेंही घर बांधून झालेलें. २९ डिसेंबर २०२४ रोजीं बालेवाडीस त्यानें पाटण्याला ३२-२३ असें हरवून अजिंक्यपद पटकाविलें. २०२५ मध्यें हाच शादलू २ कोटी २३ लाखांस गुजरात जायंट्सकडे गेला. हा संघ आदल्या हंगामांत मागें पडलेला होता. तो नव्या हंगामांतही पहिल्या आठांत येऊं शकला नाहीं. माणूस एक, मोल जवळजवळ तेंच; दोनदां अजिंक्यपद आणि एकदां रिता हात. तीन उदाहरणांवरून सिद्धांत होत नाहीं, हें खरें. पण दिशा कोणती, तें दिसून येतें.

पवन सेहरावतचें आणखी एक उदाहरण बोलकें आहे. २०२२ सालीं त्याला तमिळ थलैवाज संघानें २ कोटी २६ लाखांस घेतलें होतें आणि पहिल्याच सामन्यांत दुखापत होऊन तो हंगामभर बाहेर बसला. संघ बुडाला, असेंच सर्वांस वाटलें. पण नाइलाजानें नरेंद्र नांवाच्या नवख्या चढाईपटूवर भार टाकावा लागला आणि तोच संघ प्रथमच उपांत्य फेरींत पोहोंचला. संकटानें जें करविलें, तें शहाणपणानें करतां आलें असतें.

यामागील गणित शाळकरी मुलालाही समजेल असें आहे. समजा, चार नवख्यांपैकीं सरासरीनें एकच नांव काढतो. तर एकच नवखा घेतल्यास यशाची शक्यता शंभरांत पंचवीस. पण चार घेतले, तर चौघेही वाया जाण्याची शक्यता शंभरांत सुमारें बत्तीस उरते. म्हणजे निदान एक तरी निघेल, याची शक्यता अडुसष्ट. आठ घेतले, तर ती नव्वदांवर जाते. नामवंताचें गणित याच्या उलट आहे. तो उत्तम खेळेल हें बहुतेक निश्चित. पण त्याचा एक गुडघा दुखावला, कीं सारी पुंजी बुडाली. ज्याच्यापाशीं फार थोडें आहे, त्यानें तें एकाच जागीं ठेवूं नये, हें आपल्या घरांतील बायाबापड्यांनाही ठाऊक असतें. त्या पैसे एकाच डब्यांत ठेवीत नसत.

मग जाणती माणसें चुकतात कां? केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अमेरिकन अभ्यासकांनीं तेथील निवडींचा हिशेब तपासून २०१३ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला. थेलर यांना पुढें २०१७ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांना आढळलें, कीं एकाच जागेच्या खेळाडूंत आधीं निवडलेला हा लगेच नंतर निवडलेल्यापेक्षां सरस ठरतो, तो शंभरांत सुमारें बावन्न वेळां. म्हणजे नाणें उडविण्यापेक्षां किंचित् बरें. तरीही संघ वरच्या पाळीसाठीं भरमसाट मोल देतात, कारण आपली पारख अचूक आहे, असा प्रत्येकाचा समज असतो. दुसरें असें, कीं आज एखादी पाळी मिळावी म्हणून ते पुढील वर्षींची तीहून वरची पाळी देण्यास तयार होतात. हें व्याज सावकारासही लाजविणारें आहे. पण तें फेडावयाचें असतें उद्यांच्या व्यवस्थापकाला. आजच्याला आपली जागा राखावयाची असते. गर्व आणि उतावीळपणा, हीं या चुकीचीं दोन मुळें.

नवख्यांस नुसतें घेऊन भागत नाहीं, ही या प्रश्नाची दुसरी बाजू मुंबईकरांस अनुभवानें ठाऊक आहे. २०१८ सालीं यू मुंबानें चंदगडचा सिद्धार्थ देसाई हा नवा चढाईपटू ३६ लाख ४० हजारांस घेतला. तो एका हंगामांत चमकला आणि पुढील लिलावांत तेलुगू टायटन्सनें त्याला १ कोटी ४५ लाखांस नेलें. त्याला जाऊं दिल्यानें मुंबईचें फारसें बिघडलें नाहीं. २०१९ मध्यें दुसऱ्या तरुणांच्या बळावर तिनें उपांत्य फेरी गांठली. त्या तरुणांतच अर्जुन देशवाल होता. तो मात्र हातचा गेला. २०२१ सालीं जयपूरनें त्याला ९६ लाखांस घेतलें आणि २०२२ मध्यें तो स्पर्धेंतील सर्वांत मोलाचा खेळाडू व त्याचा संघ अजिंक्य ठरला. मुंबईनें पेरलें, जयपूरनें कापलें. तेव्हां बियाणें राखणें म्हणजे तें कणगींत बंद करून ठेवणें नव्हे. तें पेरावें लागतें, पाणी घालावें लागतें, आणि कोणतें रोप धरूं लागलें हें शेजाऱ्याच्या आधीं ओळखावें लागतें.

या सर्वांचें सार असें. ज्या संघाचें घर अजून उभें नाहीं, त्यानें नवख्यांच्या जागा विकूं नयेत. जमल्यास आपला एखादा नामवंत देऊनही त्या वाढवाव्या. ज्याचें घर उभें आहे आणि एकच खांब उणा आहे, त्यानें हात आखडूं नये. कोणत्याही बोलीआधीं व्यवस्थापकानें स्वतःस एकच प्रश्न विचारावा : हा माणूस उद्यां दुखावला, तर उरलेल्या सहांच्या भरंवशावर आपला संघ उभा राहील काय? उत्तर 'होय' असेल, तर खुशाल घ्यावा. 'नाहीं' असेल, तर त्या पैशांत आधीं ते सहा तयार करावे.

वाकोल्याच्या त्या घरांतील वडिलांची तळमळ खोटी नाहीं. दहा वर्षें वाट पाहणें सोपें नसतें. पण उपनगरांतील एखाद्या मंडळाच्या मैदानावर, दिव्याच्या उजेडांत, एखादा सतरा वर्षांचा मुलगा आज रात्रींही चढाईचा सराव करीत असेल. थैली एका नांवावर रिती झाली, तर त्याच्यासाठीं राखलेली जागा नाहींशी होते, आणि ती गेली हें त्याला कधीं कळतही नाहीं. धाकट्या मुलाचें म्हणणें मान्य करतांना वडिलांनीं एवढी एक अट अवश्य घालावी : पोरांना घ्याल, तर त्यांना बाकावर बसवूं नका, खेळवा.