पाय ताठरविणारा विषाणू: रूढ समज आणि वस्तुस्थिती

जमैका, मार्टिनिक इत्यादी कॅरिबियन बेटांवर मध्यम वयाच्या माणसांचे, त्यातही विशेषतः स्त्रियांचे, पाय हळूहळू ताठर व अशक्त होत जातात, लघवीवरचा ताबा सुटतो आणि काही वर्षांत काठीवाचून चालणे अशक्य होते, हे तेथील वैद्यकांनी दीर्घकाळ पाहिले होते. परंतु १९५६ साली क्रुकशँक यांनी जमैकातील अशा मज्जाविकारांच्या शंभर रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हा रोगाचे मूळ अनिश्चित असल्याचे त्यांना मथळ्यातच नमूद करावे लागले. उपदंश, निकस आहार, विषारी कंद अशा अनेकांवर संशय घेतला गेला. तो अगदीच निराधार नव्हता, कारण आपल्या विदर्भात परिचित असलेली लाखोळीची डाळ दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ली, तर तिच्यामुळेही पाय असेच आखडतात. तथापि उष्ण प्रदेशातील असा प्रत्येक पांगळेपणा दारिद्र्याच्या आणि आहाराच्या खात्यावर लिहून तपास बंद करावा, हा समज १९८५ साली मार्टिनिकमध्ये ढासळला. जेसाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तेथील निम्म्याहून अधिक रुग्णांच्या रक्तात एचटीएलव्ही-१ या रेट्रोव्हायरसविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली. निरोगी लोकांत मात्र ती क्वचितच होती.

हा रोग उष्ण हवेचा आहे, हा समजही लगेच पुढच्या वर्षी खोटा ठरला, कारण दक्षिण जपानमधील कागोशिमा येथे ओसामे यांनी याच विषाणूशी निगडित, त्याच लक्षणांचा विकार वर्णन केला. विषाणूला हवामानाशी कर्तव्य नाही. तो टी-लसिकापेशींत वास करतो आणि त्या पेशी जिकडे जातात तिकडे, म्हणजे दीर्घकाळच्या स्तनपानातून बालकात, शरीरसंबंधातून जोडीदारात आणि रक्तसंक्रमणातून परक्यातही, प्रवेश करतो. म्हणूनच तो विशिष्ट वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला.

एड्सचा विषाणू त्याच कुळातला असल्यामुळे दोघांची गल्लत होते. एचआयव्ही टी-पेशींचा संहार करतो व उत्तरावस्थेत मज्जारज्जूलाही इजा पोचवू शकतो. एचटीएलव्ही-१ त्या पेशी मारीत नाही, उलट त्यांची वाढ घडवितो, आणि एचआयव्हीवरील औषधांनी हा मज्जाविकार हटल्याचे दिसलेले नाही. एचटीएलव्ही-१ मज्जातंतूच कुरतडतो, ही कल्पनाही अपुरी आहे: संसर्गित पेशींवर तुटून पडणारे शरीराचे स्वतःचेच संरक्षक दल वक्षभागातील मज्जारज्जूत दाह पसरविते आणि शेजारचे निरपराध तंतू त्यात होरपळतात, असे आज मानले जाते.

मला सर्वांत घातक वाटतो तो समज वेगळाच आहे. रक्तात विषाणू सापडला की पाय गेलेच, असे ऐकून माणसे खचतात आणि कुटुंबे दुरावतात. जगात ५० लाख ते १ कोटी लोक हा विषाणू बाळगून असावेत, असा अंदाज आहे. त्यांपैकी बहुसंख्यांना जन्मभर काहीच होत नाही, आणि मज्जाविकार जडण्याचा संभव शेकडा चारांच्या आतच मानला जातो. काहींना रक्ताचा कर्करोग होतो, हेही लपविण्याचे कारण नाही. मज्जाविकारावर समूळ उपचार नाही, विषाणूवर लसही नाही. ताठरपणा कमी करणारी औषधे, व्यायामोपचार आणि मूत्राशयाची नीट निगा एवढ्यावर रुग्णाचे बरेच दुःख हलके होते.

खरा इलाज प्रतिबंधाचा आहे. जपानने १९८६ पासून रक्तदात्यांची तपासणी अंमलात आणली आणि नागासाकीत बाधित मातांना स्तनपान टाळण्याची शिफारस केली गेली. मात्र जेथे दुधाची बाटली धुण्यास शुद्ध पाणी नाही, तेथे हीच शिफारस अतिसाराने मूल गमावण्याचे निमित्त होऊ शकते. अशा ठिकाणी रक्ततपासणी आधी, आणि स्तनपानाचा निर्णय मातेशी सविस्तर बोलूनच घ्यावा लागतो.