बस्टर कीटनचे बोलके लघुपट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मूकपटांतील विनोदवीर बस्टर कीटन याला ध्वनीने संपवले, हा समज इतका रूढ आहे की त्याने १९३४ ते १९४१ या काळात केलेल्या २६ बोलक्या लघुपटांची पुष्कळदा दखलही घेतली जात नाही. वास्तविक व्हॉडव्हिलच्या, म्हणजे गाणी, नकला आणि कसरती सादर करणाऱ्या फिरत्या रंगमंचावर लहानाचा मोठा झालेल्या कीटनला बोलण्यागाण्याचे वावडे नव्हते, आणि एमजीएम या चित्रपट कंपनीसाठी त्याने केलेले बोलपट दर्जाने सुमार असले तरी तिकीटबारीवर चालले होते. बिनसले ते निराळ्याच कारणाने: या कंपनीशी झालेल्या १९२८ च्या करारानंतर कथेवरचा आणि चित्रणावरचा त्याचा ताबा सुटत गेला, त्यात मद्यपानाची आणि मोडलेल्या संसाराची भर पडली, व १९३३ मध्ये कंपनीने त्याला काढून टाकले.

त्यानंतर त्याने एज्युकेशनल पिक्चर्ससाठी १६ लघुपट केले. कंपनीचे नाव शैक्षणिक असले तरी माल विनोदीच होता. हे दोन रिळांचे, साधारण वीस मिनिटांचे चित्रपट तुटपुंज्या खर्चात उरकले जात आणि त्यांतील काही खरोखरच रटाळ आहेत. मात्र ज्याच्या लेखनात कीटनचा वाटा होता, तो ‘ग्रँड स्लॅम ऑपेरा’ (१९३६) पाहिल्यावर सरसकट नापसंतीचा शेरा मारणे अवघड होते. त्याचा नायक रेडिओवरील हौशी कलावंतांच्या स्पर्धेत चक्क हातचलाखीने वस्तू झेलण्याचा खेळ करायला येतो, जो श्रोत्यांना दिसणारच नसतो. शिवाय नर्तक-नट फ्रेड अस्टेअरचे विडंबन करत हॉटेलच्या खोलीत तो असा नाचतो की खालच्या मजल्यावरील तरुणी हैराण होते. ध्वनीला बिचकणाऱ्या नटाला असे विनोद सुचत नाहीत.

१९३९ पासूनच्या कोलंबिया कंपनीच्या दहा लघुपटांवर ‘थ्री स्टूजेस’ या विनोदी त्रिकुटाचा दिग्दर्शक ज्यूल्स व्हाइट याच्या आरडाओरड्याच्या शैलीचा ठसा आहे, आणि शांत चेहऱ्याच्या कीटनला ती मानवली नाही, ही टीका रास्तच आहे. तरीही ‘नथिंग बट प्लेझर’मध्ये (१९४०) मद्यधुंद स्त्रीचा लुळा पडलेला देह सावरताना, ‘स्पाइट मॅरेज’ या १९२९ च्या मूकपटातील प्रसंग तो नव्याने रंगवतो, तेव्हा अंगविक्षेपांवरील त्याची हुकमत तसूभरही कमी झालेली दिसत नाही. याच सुमारास, ज्या एमजीएमने त्याला घालवले होते तिथेच, मार्क्स बंधूंच्या ‘अ‍ॅट द सर्कस’सारख्या चित्रपटांसाठी विनोदी प्रसंग सुचवण्याचे कामही तो करत होता.