सापाच्या पेटीतली लाकडं-दगड : सफाई कशी?

कॉर्न स्नेक, बॉल पायथनच्या पेटीसाठी

• लाकूड : घासून माती, सुटी साल काढावी. ओव्हनमध्ये सुमारे १२० अंश सेल्सिअसला अर्धा ते एक तास तापवावं. तोवर जवळून हलू नये. सिडार आणि ताजा चीड नकोच. त्यांच्यातली उग्र तेलं सापाला घातक.

• दगड : घासून, धुऊन वाळवावेत. भाजू नयेत, आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटतो.

• ब्लीच : १ भाग ब्लीच, ९ भाग पाणी, फक्त गुळगुळीत वस्तूंसाठी. वास पूर्ण जाईपर्यंत धुवावं. व्हिनेगर किंवा अमोनिया मिसळल्यास विषारी वायू तयार होतो. फिनॉलयुक्त फिनाइल वर्ज्य.

• साल्मोनेला (सापांकडून माणसाला होऊ शकणारा जिवाणूसंसर्ग) : या वस्तू धुवायला स्वयंपाकघरातलं सिंक वापरू नये. नंतर हात साबणाने धुवावेत.

• कायदा : भारतातले नाग, धामण, अजगर पाळणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा.